परक्या घरी राहिलेलं दप्तर

सुरतेहून मुंबईकडे निघालेली गाडी उधना आणि भेस्तान मागे टाकून सचिनकडे येऊ लागली, की खिडकीतून आधी वास येतो. ओल्या कापडाचा, वाफेचा, रंगाच्या आंबटसर पाण्याचा. प्रोसेस हाऊसची धुराडी त्यानंतर दिसतात. फलाटावर उतरलं की कानावर ओडिया पडते, भोजपुरी पडते, आणि मधूनच कुणीतरी फोनवर मोठ्यानं अहिराणीत विचारत असतं, शिरपूरकडं पाऊस झाला का. गाव औद्योगिक वसाहतीचं. 2020 साली ते सुरत महानगरपालिकेत गेलं आणि त्याचं वेगळं गावपणही पुसट होत चाललं. इथल्या माणसाला तुम्ही कुठले असं विचारलं तर तो सचिनचा असं क्वचितच म्हणतो. तो गंजामचा असतो, देवरियाचा असतो, धुळे-नंदुरबारचा असतो. मलाही कुणी विचारलं तर तोंडातून शिरपूर तालुकाच निघतो, जरी माझं सगळं आयुष्य तापीच्या या टोकाला गेलं.

या गावाचा राजाही बाहेरूनच आलेला होता.

सचिन हे नऊ तोफांच्या सलामीचं संस्थान होतं. राजे सिद्दी, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या हबशी घराण्याचे. प्रजा बहुतांश गुजराती हिंदू. हे घराणं मूळ जंजिऱ्याचं. आपल्या मुरूडसमोरच्या समुद्रातला तोच जंजिरा. 1784 साली तिथला सिद्दी अब्दुल रहीम वारला आणि गादीसाठी भांडण लागलं. गादी सिद्दी जौहरनं बळकावली. अब्दुल रहीमचा मुलगा अब्दुल करीम, ज्याला लोक बाळू मियाँ म्हणत, तो जीव वाचवून निघाला आणि पोचला कुठे, तर पुण्याला. ज्या पेशव्यांशी त्याच्या घराण्याचं पिढ्यान्‌पिढ्या वैर, त्यांच्याच दारात. 1791 मध्ये करार झाला. बाळू मियाँनं जंजिऱ्यावरचा आपला हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि बदल्यात सुरतेजवळचा हा मुलूख घेतला. दिल्लीच्या शाह आलमनं त्याला नवाब हा किताब दिला. पेशव्यांना जंजिरा पुढे कधीच मिळाला नाही. एका बाजूला हातात नसलेला किल्ला, दुसऱ्या बाजूला कधी न पाहिलेलं गाव, आणि मधे एक कागद. सचिन संस्थान त्या कागदातून जन्मलं.

मी महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. इतिहासाच्या तासाला जंजिऱ्याचं नाव निघालं की मुलांचे चेहरे ताठ होतात. घरी ऐकलेलं असतं त्यांनी: शिवाजी महाराजांनी पद्मदुर्ग बांधला, संभाजीराजांनी समुद्रात भराव घालून वाट काढायचा प्रयत्न केला, तरी तो किल्ला हाती आला नाही. मीही तेच ऐकत वाढले. पण आम्ही राहतो सुरतेत, आणि सुरतेला 1664 आणि 1670 ही सालं वेगळ्या कारणानं पाठ आहेत. शाळेच्या भिंतीपलीकडं गुजराती माध्यमाचा वर्ग भरतो. आमच्या घरातला पराक्रम त्या घरातल्या आजीच्या तोंडी लूट होऊन येतो. दोन्ही वर्गांतली मुलं मधल्या सुट्टीत एकाच नळावर पाणी पितात. लढाईची आठवण एकच कधी नसते, हे मला या शहरानं पुस्तकाच्या फार आधी शिकवलं. म्हणून बाळू मियाँची गोष्ट मला शत्रूची गोष्ट वाटत नाही. ती घर सुटलेल्या माणसाची गोष्ट वाटते. जंजिऱ्याहून निघताना त्यानं काय बरोबर घेतलं असेल? वंशावळ? शिक्के? आईच्या हातचं काही? त्याचं काही माझ्या वाचनात नाही. त्याच्या स्थलांतराची जी हकीकत वाचायला मिळते, ती इंग्रजांच्या गॅझेटियरात मिळते, जंजिऱ्याच्या खंडात थोडी आणि सुरतेकडच्या संस्थानांच्या खंडात थोडी. घराणं त्याचं, पण सांगणारे परके.

24 फेब्रुवारी 2022 नंतर हे सगळं मला पुन्हा पुन्हा आठवायला लागलं.

युक्रेन सचिनपासून फार लांब आहे असं इथं कुणी म्हणणार नाही. सुरतेत घासायला येणाऱ्या बारीक हिऱ्यांत रशियाच्या अलरोसा कंपनीच्या कच्च्या मालाचा मोठा वाटा असे. त्याच वर्षी अमेरिकेनं त्या कंपनीवर निर्बंध लादले, आणि 2024 च्या जानेवारीपासून जी-सात देशांनी रशियन हिऱ्यांवर बंदी घातली. माझा धाकटा भाऊ रत्नकलाकार. हिरे घासायच्या घंटीवर बसणारा. आधी त्याचे तास कमी झाले, मग दिवाळीचं वेकेशन लांबलं, मग शेजारच्या घंटीवरची माणसं सौराष्ट्रात गावाकडं परतली ती परतलीच. तो रात्री जेवताना मोबाइलवर बॉम्ब पडलेल्या इमारती बघायचा. एकदा त्यानं मला एक चित्र दाखवलं: भिंत अर्धी कोसळलेली, आतल्या खोलीतलं कपाट उघडं, कपाटात घड्या घातलेले कपडे जसेच्या तसे. "बघ ताई, घडी पण मोडली नाही," एवढंच म्हणाला आणि ताट घेऊन उठला.

युद्धाच्या दुसऱ्याच दिवशी कीव्हजवळच्या इवान्किव्ह गावातलं छोटं संग्रहालय जळालं. तिथं मारिया प्रिमाचेन्को या चित्रकर्तीची चित्रं होती. 1909 ते 1997 हा तिचा काळ. खेड्यात राहिली, शाळेत जाऊन कला शिकली नाही, आणि फुलांनी भरलेले, डोळे वटारलेले अद्भुत प्राणी रंगवत राहिली. आग लागली तेव्हा गावातल्याच माणसांनी आत शिरून तिची काही चित्रं बाहेर काढली. त्याच वर्षी खेरसोन शहरातून माघार घेण्याआधी रशियन सैन्यानं तिथलं कलासंग्रहालय ट्रकांत भरून नेलं. दहा हजारांहून अधिक कलाकृती गेल्या. पुढे क्रिमियातल्या सिम्फेरोपोलच्या एका संग्रहालयातली छायाचित्रं आणि चित्रफिती बाहेर आल्या. खेरसोनचे कर्मचारी त्या बघत बसले. मागे भिंतीला टेकवून ठेवलेलं, अर्धवट दिसणारं एखादं चित्र ओळखायचं, आपल्या यादीशी ताडून बघायचं, खूण करायची, पुढचं बघायचं. नेणाऱ्याच्या कॅमेऱ्यातून आपलं घर शोधायचं. या कामाइतकं चिवट काम मला दुसरं माहीत नाही.

झान्ना कादिरोवा ही कीव्हची शिल्पकार घर सोडून डोंगराळ झाकारपात्त्या प्रांतात आश्रयाला गेली. हाताशी ना साहित्य ना कार्यशाळा. तिथल्या नदीनं घासून गुळगुळीत केलेले गोटे तिनं उचलले आणि पावासारखे कापले, काप उलगडून ठेवले. दगडाचे पाव टेबलावर मांडून तिनं प्रदर्शन भरवलं, ते विकून आलेले पैसे मागे राहिलेल्यांना पाठवले. मला त्यात सगळ्यात जास्त ती नदी लक्षात राहते. आपलं सगळं मागे राहिल्यावर ज्या गावानं थारा दिला त्या गावच्या नदीतला दगड हातात घ्यायचा आणि त्यात आपल्या घरचं ताट बघायचं.

त्या मातीतली माणसं याआधीही आपल्याकडं येऊन गेली आहेत. दुसऱ्या महायुद्धात पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सैन्यानं सैबेरियाकडं हाकलून दिलेले पोलिश लोक इराणमार्गे हिंदुस्थानात आले आणि त्यांतले सुमारे पाच हजार 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यांतल्या अनेकांची मूळ गावं आज पश्चिम युक्रेनमध्ये आहेत. बायका, मुलं, म्हातारी माणसं. छावणीत शाळा होत्या, चर्च होतं. ती मुलं पुढे जगभर पांगली आणि म्हातारपणी कोल्हापूरला परत येऊन गेली. पंचगंगेकाठी त्यांचं बालपण होतं, आणि ते बालपण ओळखणारी माणसं कोल्हापुरातच होती.

पण मला सांगायचंय ते सचिनच्याच दोन बायकांविषयी.

नवाब इब्राहिम मोहम्मद याकूत खान तिसरे यांच्या काळात फातिमा बेगम नावाची एक नटी त्यांच्या आयुष्यात आली. उर्दू रंगभूमीवर काम करणारी. 1922 साली ती 'वीर अभिमन्यू' या मूकपटात पडद्यावर आली. ज्या काळात स्त्रियांच्या भूमिका अजून पुष्कळदा पुरुषच करत, त्या काळात. 1926 मध्ये तिनं स्वतःची कंपनी काढली, फातमा फिल्म्स, आणि 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. भारतातली पहिली स्त्री दिग्दर्शक म्हणून तिचं नाव घेतात ते या चित्रपटामुळे. परीकथेचा, कॅमेऱ्याच्या करामतींचा मोठा खर्चिक चित्रपट होता म्हणे. म्हणे, कारण तो आता कुणालाच बघता येत नाही. त्याचं एकही रीळ उरलेलं नाही. तिच्या तीन मुली, शहजादी, सुलताना आणि जुबेदा, तिघीही नट्या झाल्या. जुबेदाचा जन्म 1911 चा, सुरतेतला.

या मुली नवाबाच्या होत्या असं सगळे सांगतात, सिनेमाच्या पुस्तकांतही तसंच लिहितात. पण नवाब आणि फातिमा बेगम यांच्यात लग्न किंवा करार झाल्याची नोंद नाही. नवाबांनी या मुलींना आपल्या म्हणून मान्य केल्याचीही नोंद नाही. राज्याचे स्वतःचे मुद्रांक होते, घोडदळ होतं, वाद्यवृंद होता. महसुलाचा पै-पैचा हिशेब मांडणाऱ्या त्या व्यवस्थेत या चौघींसाठी एक ओळ नव्हती. मला याचं फार वाईट वाटतं. युद्धात दप्तर जळतं तेव्हा आपण रडतो, ते बरोबरच. पण काही माणसांचं दप्तर जळायलाही नसतं. ते लिहिलंच गेलेलं नसतं. त्यांना हाकलायला सैन्य लागत नाही, लिहिणाऱ्यानं लेखणी बाजूला ठेवली तरी पुरतं.

आणि याच जुबेदाच्या वाट्याला कोणती भूमिका यावी? 14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला, अर्देशीर इराणींचा, भारतातला पहिला बोलपट. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. जुबेदा आलम आरा होती. कथेत राजाची एक राणी एकनिष्ठ सेनापतीवर सूड उगवते, त्याला कैदेत टाकते, त्याच्या गरोदर बायकोला हद्दपार करते. ती बाई मुलीला जन्म देऊन मरते, आणि मुलगी भटक्यांच्या तांड्यात वाढते. राजवाड्यानं नाकारलेली मुलगी मोठी होऊन राजवाड्यात परत येते. सचिनच्या नोंदवहीत जिला जागा नव्हती, ती मुलगी हिंदुस्थानभरच्या पडद्यांवर राजवाड्याच्या दारातून आत चालत गेली, आणि या वेळी तिला आवाज होता.

त्या आवाजाचं चित्रण रात्रीच व्हायचं. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ. दिवसा गाड्यांचा खडखडाट ध्वनिमुद्रणात घुसायचा. म्हणून मध्यरात्र उलटल्यावर, गाड्या थांबल्या की काम सुरू व्हायचं, नटांच्या आसपास मायक्रोफोन दडवून. मी रात्री सचिनला घरी जागी असते तेव्हा मालगाडीचा लांबलचक आवाज संपायची वाट बघते आणि हमखास हे आठवतं. नायक आपला मास्टर विठ्ठल, मराठी, मूकपटांतला मोठा तारा. पण उर्दू संवाद त्याला जमेनात, म्हणून त्याला बराच वेळ गुंगीत असल्यासारखं दाखवलं. बोलपटात गप्प राहावं लागलेला तो नायक आणि भोवती बोलणारी, गाणारी जुबेदा.

तो आवाजही आज नाही. 'आलम आरा'ची एकही प्रत जगात सापडलेली नाही. त्यातल्या गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या नव्हत्या. मूकपटांच्या काळात आपल्याकडं सुमारे तेराशे चित्रपट बनले असं मानतात. त्यातले जेमतेम दोन-तीन डझन, तेही पुष्कळसे तुकड्यांत, उरलेत. फिल्म तेव्हा नायट्रेटची असायची. ती चटकन पेटते, आणि नाही पेटली तर ओलसर गोदामात हळूहळू चिकट होते, मग तिची भुकटी होते. 2003 च्या जानेवारीत पुण्याला अशाच जुन्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या जागी आग लागली आणि प्रभातच्या काळातलं बरंच काही गेलं. 'आलम आरा' मात्र त्या आगीत गेला नाही, तो त्याच्या कितीतरी आधी हरवला होता. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं करणाऱ्या पी. के. नायर यांनी सांगितलेली हकीकत अशी, की ते शोध घेत इराणींच्या घरापर्यंत पोचले; काही रिळं असतील असं म्हाताऱ्या इराणींना वाटत होतं; पण पुढे त्यांच्या मुलानं सांगितलं की ती कधीच निकालात काढली, फिल्ममधली चांदी काढून घेऊन. कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीच्या कणांचं असतं. ती चांदी काढून घेतली की चित्र जातं. मला त्या मुलाचा राग येत नाही. गोदामाचं भाडं भरणाऱ्याला डब्यात पडलेल्या जुन्या फिल्मचं वजनच दिसणार. पण त्या चांदीत जुबेदाचा चेहरा होता, या विचारानं जीव कासावीस होतो.

मग उरलं काय? उरलं ते दुसऱ्यांकडं. त्या चित्रपटाची छापील पुस्तिका लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. 'आलम आरा'च्या प्रती ज्यावर काढल्या ते बेल अँड हॉवेलचं यंत्र मुंबईतल्या एका दुकानात निघालं. जुने चित्रपट वाचवण्यासाठी झटणाऱ्या शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी ते शोधून काढलं. काही छायाचित्रं, काही जाहिराती कुणाकुणाच्या संग्रहात आहेत. बाळू मियाँची गोष्ट इंग्रजांच्या पुस्तकात, प्रिमाचेन्कोची चित्रं गावकऱ्यांच्या हातात, खेरसोनची चित्रं नेणाऱ्यांनीच काढलेल्या फोटोंत. आपली आठवण आपल्याच पेटीत सुरक्षित राहते अशी आपली समजूत असते, आणि म्हणून पेटीला कुलूप घालतो. पण घर गेलं की कुलपासकट जातं. टिकतं ते आपण नकळत परक्या घरी ठेवून आलेलं.

सुलताना फाळणीनंतर पाकिस्तानात गेली. जुबेदा हैदराबादच्या धनराजगीर घराण्यात लग्न करून गेली आणि मुंबईत राहिली. 1988 साली वारली. फातिमा बेगम 1983 पर्यंत होती. इतकी वर्षं ती होती, आणि 'बुलबुल-ए-परिस्तान' कसा होता, परी कशी उडवली, पैसा कुठून उभा केला, हे तिच्या तोंडून सविस्तर लिहून घेतलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. सचिन संस्थान 1948 मध्येच मुंबई प्रांतात विलीन झालं होतं. आता त्या मुलखातल्या लाजपोरला मध्यवर्ती कारागृह आहे, आणि सचिनला साड्यांवर छपाई होते. इथल्या शाळेतल्या मुलींना मी फातिमा बेगमचं नाव सांगते तेव्हा त्या वहीत लिहून घेतात. एकीनं विचारलं होतं, बाई, ती आपल्या सचिनची का? मी हो म्हटलं. नोंद असो वा नसो.

आमच्या घरातली पेटी 2006 साली गेली. तेव्हा आम्ही सचिनला नव्हतो, कतारगाममध्ये वेड रोडच्या बाजूला, तळमजल्यावरच्या खोलीत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, लूमच्या खात्यात कामाला होते. उधना-जळगावच्या पॅसेंजरनं तरुणपणी आले ते इथंच राहिले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उकाई धरणातून सोडलेलं पाणी नऊ लाख क्युसेकच्या घरात गेलं आणि तापी शहरात शिरली. सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली होता. आम्ही वरच्या मजल्यावरच्या ओडिया कुटुंबाच्या खोलीत दाटीवाटीनं बसलो. त्यांच्या घरात जी काही भात-डाळ होती ती सगळ्यांनी मिळून खाल्ली. पाणी उतरल्यावर खाली गेलो तर पत्र्याची पेटी जागची हललीही नव्हती. मातीनं भरली होती, एवढंच.

आईनं लग्नाचा अल्बम बाहेर काढला. काळी जाड पानं, मधे बटर पेपर. ती पलंगाच्या लोखंडी चौकटीवर बसली आणि एकेक पान सोडवायला लागली. ओल्या फोटोवरचा थर कागदावरून सुटून येत होता. एका पानावर अण्णांचा फेटा होता, चेहरा समोरच्या बटर पेपरला चिकटून गेलेला, उलटा, डावीकडचा उजवीकडं. आई तो बटर पेपर दोन बोटांनी धरून उजेडाकडं करून बघत राहिली. बोटांवर राखाडी काळा चिखल. त्यात तापीची माती किती आणि फोटोतली चांदी किती, हे कोण सांगणार. मग ती म्हणाली, "राहू दे, वाळल्यावर बघू." वाळल्यावर सगळं तडकलं.

कागद परत मिळवणं तसं जमलं. अण्णांचा शाळा सोडल्याचा दाखला गावच्या शाळेतून पुन्हा मिळाला, कारण त्यांच्या हेडमास्तरांनी जुनं रजिस्टर फडक्यात बांधून माळ्यावर ठेवलं होतं. रेशनकार्ड झालं. शेताचा उतारा तलाठ्याकडून आला. अण्णांचा एक-एक तुकडा कुणाच्या ना कुणाच्या कपाटातून बाहेर निघत होता. फोटो मात्र कुणाकडून मागायचे हे सुचलं नाही, आणि पुढे अण्णाच गेले.

मागच्या उन्हाळ्यात दोंडाईच्याला आत्यांकडं गेलो होतो. आत्या आता फार बोलत नाहीत. त्यांच्या सुनेनं घर रंगवायला काढलं होतं, भिंतीवरच्या तसबिरी उतरवून खाटेवर ठेवलेल्या. त्यांत काचेमागं, विठ्ठल-रुक्मिणीच्या तसबिरीच्या मागच्या पुठ्ठ्याला आधार म्हणून घातलेला, एक फोटो होता. आई-अण्णांच्या लग्नातला, अंगणात मांडवाखाली काढलेला, सगळ्यांचा मिळून. एका कोपऱ्याला वाळवी लागलेली, बाकी स्वच्छ. अण्णांचा चेहरा सरळ, डावीकडचा डावीकडं. आईनं तो पदरानं पुसला नाही. नुसता गुडघ्यावर ठेवला आणि चष्मा आणायला सांगितलं.

मी पाठीमागं पेन्सिलीनं नावं लिहायला बसले. आई बोट ठेवून सांगत होती, आत्या मधेच मान हलवून दुरुस्ती करत होत्या. हे नाना, हे मोठे काका, ही अंमळनेरची मामी, हा कडेवरचा पोरगा म्हणजे आताचा बबन. दुसऱ्या रांगेत टोकाला एक बाई उभी होती. पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे. आईला ती आठवेना. आत्यांनाही आठवेना. सून म्हणाली, शेजारचं कुणी असेल, सोडून द्या. मी पुढच्या नावाकडं वळले.

आईनं माझं मनगट धरलं. "लगीनमा व्हती ना ती," ती म्हणाली. मग फोटो आणखी जवळ घेऊन त्या पांढऱ्या हातांकडं बघत राहिली. "पीठ आहे ते. खापरावरचे मांडे तिनंच केले असणार, दिवसभर तिथंच बसली असेल चुलीशी. नाव नाही आठवत तर नको लिहू. मांडे करणारी, असं लिही. आणि जागा सोडून ठेव पुढं, कुणाला आठवलं तर."

मी तसं लिहिलं आणि जागा सोडली. आता फोटोची प्रत काढून शिरपूरकडच्या नातेवाइकांना पाठवतेय, एकेकाला फोन करून विचारतेय.